मोटर फोकसर रात्री मध्येच जागा विसरतो: दोष कुठे आहे ते कसे शोधायचे

मोटर फोकसर म्हणजे दुर्बिणीची कॅमेरा धरणारी छोटी नळी मोटरने आत-बाहेर सरकवून फोकस जुळवणारे यंत्र. त्याच्या दोषाचे लक्षण असे दिसते. संध्याकाळी तेजस्वी ताऱ्यावर फोकस नेमका जुळवला आणि फोकसरच्या जागेचा आकडा टिपून ठेवला. दोन तासांनी फोकसर त्याच आकड्यावर परत आणला, तरी तारे फुगलेले. कधी आकडाच शून्य झालेला असतो. कधी मोटर गुणगुणते, आकडा पुढे सरकतो, पण नळी जागची हलत नाही. आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), एक स्टेपर मोटर (ठरलेल्या छोट्या पायऱ्यांनी, म्हणजे स्टेप्सनी, फिरणारी), तिचा ड्रायव्हर (मोटरला वीज देणारे सर्किट) आणि त्याच बॅटरीवर दव रोखणारा हीटर पट्टा, अशी जोडणी घरी केलेल्यांना ही तक्रार हमखास भेटते.

अशा वेळी बहुतेक जण कोड उघडतात आणि मोटरचा वेग, करंट, स्टेप्स बदलत बसतात. आधी मल्टीमीटर आणि पांढरा मार्कर हातात घ्या. ‘जागा विसरतो’ या एका तक्रारीमागे किमान चार वेगवेगळे दोष असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. घसरणाऱ्या कपलरवर (मोटरचा आणि फोकसरचा शाफ्ट जोडणारा तुकडा) मोटरचा करंट वाढवला, तर कपलर आणखी घसरतो.

आधी दोषाची जात ओळखा

मोटरचा शाफ्ट, कपलर, फोकसरच्या चाकाचा शाफ्ट आणि फोकसरची बॉडी यांच्यावरून मार्करची एक सरळ बारीक रेघ ओढा. नळी किती बाहेर आहे ते व्हर्नियर कॅलिपरने मोजून लिहा. मग फोकसर ० पासून ५००० पर्यंत आणि परत ० वर, अशा दहा फेऱ्या करा.

ही चाचणी टेबलावर, मोबाइलच्या चार्जरवर केली तर काहीच सापडणार नाही. रात्री जी बॅटरी, ज्या केबल, जो कॅमेरा आणि जे हीटर असतात ते सगळे जोडा. कॅमेऱ्याचे कूलिंग चालू ठेवा, हीटर पूर्ण जोरात लावा आणि दुर्बीण साठ-सत्तर अंशांवर वर वळवा, म्हणजे कॅमेऱ्याचे वजन नळीवर येईल. फेऱ्या संपल्यावर काय दिसते ते पाहा.

- स्क्रीनवरचा आकडा मध्येच शून्यावर किंवा जुन्या साठवलेल्या किमतीवर गेला: बोर्ड रीसेट होतो आहे.
- आकडा बरोबर, पण मोटरच्या शाफ्टवरची रेघ फिरलेली: मोटर स्टेप्स गाळते आहे.
- मोटरची रेघ जागेवर, पण चाकाच्या शाफ्टची रेघ सरकलेली: कपलर किंवा त्याचा ग्रब स्क्रू (शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) सैल आहे.
- सगळ्या रेघा जुळतात, पण कॅलिपर वेगळे माप दाखवतो: नळी रोलरवरून घसरते आहे.
- आकडा एकदम उणे झाला, विशेषतः ३२,७६७ च्या आसपास: हा मात्र कोडचा दोष. नॅनोवर ‘इंट’ (पूर्णांक साठवणारा चल) १६ बिटांचा असतो आणि त्यापुढे तो उणे ३२,७६८ वर उलटतो. जागेसाठीचे सगळे चल ‘लाँग’ करा आणि विषय संपवा.

सगळे जुळते आणि तरी तारे फुगतात, असेही होते. तेव्हा फोकसर निर्दोष आहे, दुर्बिणीची मोठी नळी थंड होऊन आखडली आहे. त्याबद्दल शेवटी.

बोर्ड रीसेट होतो: व्होल्टेज बोर्डाच्या टोकाला मोजा

बॅटरीच्या टर्मिनलवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. बोर्डाला काय मिळते ते बोर्डाच्या टोकाला मोजायचे, तेही सगळा भार चालू असताना. हिशेब सोपा आहे. ०.२ चौ. मिमीच्या बारीक तारेचा रोध मीटरला सुमारे ८४ मिलिओहम असतो. केबल ३ मीटर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे अर्धा ओहम. त्याच तारेतून हीटरचे ३ अँपिअर गेले की दीड व्होल्ट वाटेतच खर्च. १.५ चौ. मिमीची तार घेतली तर तोच खर्च ०.२ व्होल्टवर येतो. घरच्या जोडणीत सगळ्यात जास्त त्रास ही बारीक तार देते, कारण ती दिवसा, हीटर बंद असताना, बिनतक्रार काम करते.

दुसरा गुन्हेगार प्लग. ५.५ गुणिले २.१ आणि ५.५ गुणिले २.५ मिमीचे गोल पॉवर प्लग बाहेरून सारखेच दिसतात. २.५ चा प्लग २.१ च्या सॉकेटात आरामात जातो, पण आतल्या पिनेला सैल टेकतो. माउंट फिरताना केबल ओढली गेली की क्षणभर पुरवठा तुटतो. प्लग सॉकेटात असताना हलवून पाहा. दिवा लुकलुकला तर दोन्ही एकाच मापाचे बसवा. स्क्रूने आवळला जाणारा प्लग मिळाला तर आणखी चांगले.

साधा मल्टीमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे मोटर सुरू होतानाची वीस मिलीसेकंदांची डुबकी त्याला दिसतच नाही. ती बोर्डालाच मोजू द्या. १२ व्होल्टच्या तारेपासून १५० किलोओहम, तिथून निगेटिव्हला १० किलोओहम, मधला बिंदू ‘ए०’ पिनेला, आणि त्या पिनेपासून निगेटिव्हला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. १२ व्होल्टला तिथे ०.७५ व्होल्ट येतात, १५ व्होल्टलाही ०.९४ च. मोजमापासाठी चिपचा अंतर्गत १.१ व्होल्टचा संदर्भ निवडा. नेहमीचा ५ व्होल्टचा संदर्भ ठेवला तर पुरवठा खचताना तोही सोबत खचतो आणि मोजमाप खोटे ठरते. अंतर्गत संदर्भ प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा असतो, म्हणून मल्टीमीटरशी ताडून एकदा गुणक ठरवून घ्या. कोडमध्ये आतापर्यंतचे सर्वात कमी व्होल्टेज साठवा आणि ते स्क्रीनवर दाखवा. शेजारी ‘किती वेळा सुरू झालो’ असा एक आकडा ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी चिपची स्मृती) ठेवा, तो प्रत्येक वेळी बोर्ड सुरू होताना एकने वाढवा. हे दोन आकडे दिसू लागले की अंदाज बांधायचे कामच उरत नाही.

आता बोर्ड का कोसळतो ते. नॅनोवरची एटीमेगा३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते आणि त्या वेगाला तिला साधारण ३.८ व्होल्ट तरी लागतात. पण चिपला रीसेट करणारा कमी-व्होल्टेजचा पहारेकरी सहसा २.७ व्होल्टवर लावलेला असतो. मधल्या पट्ट्यात चिप बंदही पडत नाही आणि नीट चालतही नाही. याच वेळी ईईप्रॉममध्ये जागा लिहिली जात असेल तर तिथे कचरा पडतो. आकडा शून्य न होता भलताच झालेला दिसतो, तो यामुळे.

उपाय या क्रमाने करा:

१. हीटर आणि फोकसर यांच्या तारा बॅटरीच्या टर्मिनलपासूनच वेगळ्या न्या. निगेटिव्ह तारसुद्धा वेगळी, हे महत्त्वाचे. पॉझिटिव्ह वेगळी करून निगेटिव्ह सामाईक ठेवली तर अर्धाच दोष जातो. प्रत्येक शाखेला बॅटरीजवळ फ्यूज लावा, ३ अँपिअरच्या हीटरला ५ चा आणि फोकसरला २ चा. शिशाच्या किंवा लिथियमच्या बॅटरीवर शॉर्ट झालेली बिनफ्यूजची तार लाल होऊन वितळते, म्हणून फ्यूज टाळू नका.

२. नॅनोला ‘व्हीआयएन’ पिनेतून १२ व्होल्ट देणे थांबवा. बोर्डावरचा छोटा रेग्युलेटर उरलेले ७ व्होल्ट उष्णतेत घालवतो. १०० मिलिअँपिअरला ०.७ वॅट, आणि ५ व्होल्टची छोटी मोटरही बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनेवर चालवत असाल तर दीड-दोन वॅट. काही मिनिटांत तो तापून स्वतःला बंद करतो आणि थंड झाला की परत चालू होतो. मोटर बराच वेळ चालल्यावरच रीसेट होत असेल तर इथे बोट लावून पाहा. एलएम२५९६ चे बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करणारे सर्किट) घ्या, बोर्ड जोडण्यापूर्वी त्याचा स्क्रू फिरवून आउटपुट ५.० व्होल्टवर आणा, मग ते ५ व्होल्ट पिनेला द्या.

३. बक मॉड्यूलच्या इनपुटला १एन५८२२ डायोड आणि त्यापुढे १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर. डायोडमुळे हा साठा फक्त बोर्डासाठी राखला जातो, खचलेल्या तारेकडे उलटा वाहत नाही. बोर्ड १२ व्होल्टच्या बाजूने सुमारे ३० मिलिअँपिअर घेत असेल, तर हा साठा त्याला शंभराहून अधिक मिलीसेकंद तगवतो. मोटरची तार मात्र डायोडच्या आधीच काढा, नाहीतर मोटर तो साठा क्षणात पिऊन टाकते.

रीसेटचे आणखी एक कारण आहे ज्याचा व्होल्टेजशी संबंध नाही. संगणकावरचे सॉफ्टवेअर सीरियल पोर्ट उघडते तेव्हा नॅनो मुद्दाम रीसेट होतो. कोड चढवणे सोपे व्हावे म्हणून ती सोय बोर्डातच दिलेली आहे. आकडा नेमका ‘कनेक्ट’ दाबल्यावर जात असेल तर हेच. ‘रीसेट’ आणि निगेटिव्ह पिनांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, पॉझिटिव्ह पाय ‘रीसेट’कडे. नवा कोड चढवताना तो काढावा लागतो, म्हणून जंपरवर बसवा.

जागा साठवायची कशी

रीसेट शंभर टक्के थांबवता येतातच असे नाही, म्हणून जागा ईईप्रॉममध्ये ठेवणे योग्यच. पण ती प्रत्येक स्टेपला लिहू नका. प्रत्येक खणाला सुमारे १,००,००० लेखनांचे आयुष्य असते आणि स्टेपागणिक लिहिले तर ते काही रात्रींत संपते. मोटर थांबल्यावर पाच सेकंद काहीच हालचाल झाली नाही तरच लिहा. एकच खण न वापरता ८ बाइटच्या १२० नोंदी गोल फिरवा, १०२४ बाइटांत त्या बसून बाकीच्या आकड्यांनाही जागा उरते. प्रत्येक नोंदीत अनुक्रमांक, जागा आणि एक तपासणी-बाइट ठेवा.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे ‘मोटर चालू आहे’ ही खूण. हालचाल सुरू होण्याआधी ती लिहायची, संपल्यावर पुसायची. बोर्ड सुरू होताना ही खूण उभी दिसली तर हालचालीच्या मध्येच वीज गेली होती आणि साठवलेला आकडा विश्वासाचा नाही. तसे स्क्रीनवर दाखवा. चुकीचा आकडा खरा मानून पुढे जाण्यापेक्षा ‘जागा माहीत नाही’ हे उत्तर कितीतरी चांगले, कारण मग पुन्हा फोकस जुळवायला दोनच मिनिटे लागतात आणि अख्ख्या रात्रीचे फोटो वाचतात.

मोटर स्टेप्स गाळते

सगळ्यात आधी एक सोपी शंका दूर करा. यूएसबी जोडलेली असली की १२ व्होल्ट नसतानाही नॅनो जागा असतो. मोटरला वीज नाही, पण बोर्ड आदेश घेतो, स्टेप्स मोजतो आणि ‘पोहोचलो’ म्हणून कळवतो. फ्यूज उडालेला असेल किंवा प्लग सैल असेल, तर असा खोटा अहवाल रात्रभर येत राहतो. वर सांगितलेले ‘ए०’ वरचे मोजमाप इथे दुसऱ्यांदा कामी येते: १०.५ व्होल्टच्या खाली हालचालीचा आदेश नाकारा. दोन ओळींचा कोड आहे, तो प्रत्येक फोकसरमध्ये असायला हवा.

२८बीवायजे-४८ ही गिअरवाली छोटी मोटर वापरत असाल तर:

मोटर नुसती थरथरते किंवा एकाच दिशेला फिरते, तर कॉइलचा क्रम चुकला आहे. ‘ॲक्सेलस्टेपर’ लायब्ररीला पिना १, ३, २, ४ या क्रमाने द्याव्या लागतात. बोर्डावर छापलेला १, २, ३, ४ क्रम चालत नाही.

ही मोटर ५ आणि १२ व्होल्ट अशा दोन प्रकारांत येते आणि दोन्ही दिसायला सारख्याच असतात. अंगावरचा छाप वाचा. ५ व्होल्टच्या मोटरची कॉइल साधारण ५० ओहमची असते, १२ व्होल्टवालीची त्याच्या कितीतरी पट. शिवाय यूएलएन२००३ ड्रायव्हर स्वतःच जवळपास १ व्होल्ट खातो, म्हणजे ५ व्होल्ट दिले तरी कॉइलला चारच मिळतात. वरून बारीक तार असली की जोर आणखी घटतो. दोन कॉइल चालू असताना मोटर सुमारे २०० मिलिअँपिअर घेते, हे धरून तिला बोर्डापासून स्वतंत्र बक मॉड्यूलमधून थेट तार द्या.

वेग कमी ठेवा. खोलीत सेकंदाला ५०० स्टेप्स पळणारी मोटर गारठ्यात, ग्रीस घट्ट झाल्यावर, तितक्या पळत नाही. पूर्ण फेरीला २०४८ स्टेप्सच्या पद्धतीत २५० ते ३०० पुरेत. फोकसरला घाई नसते.

नेमा १७ मोटर आणि ए४९८८ ड्रायव्हर अशी जोडी असेल तर करंटची मर्यादा मोजून लावा. सूत्र: संदर्भ-व्होल्टेज बरोबर करंट गुणिले ८ गुणिले सेन्स रोधकाचा (ड्रायव्हरवरचा, करंट मोजणारा रोधक) ओहम. रोधकावर ‘आर१००’ असेल तर तो ०.१ ओहमचा, ‘आर०५०’ असेल तर ०.०५ चा. ०.४ अँपिअरच्या मोटरला ०.१ ओहमवर ०.३२ व्होल्ट येतात. डीआरव्ही८८२५ या दुसऱ्या ड्रायव्हरवर हिशेब वेगळा आहे: करंट बरोबर संदर्भ-व्होल्टेज गुणिले २. एकाचे सूत्र दुसऱ्याला लावले की मोटर एकतर तापते किंवा अशक्त राहते. मोटरच्या पुरवठ्याच्या पिनांलगत १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, आणि वीज चालू असताना मोटरचा प्लग कधीही काढू नका, ड्रायव्हर जळतो. ए४९८८ ची ‘रीसेट’ पिन लोंबकळत ठेवली तर ड्रायव्हर मनाला येईल तसा वागतो. ती ‘स्लीप’ पिनेला जोडा.

मायक्रोस्टेपिंगवर (एका स्टेपचे बारीक भाग पाडण्यावर) अनेकांचा फार भरवसा असतो. सोळा भागांत मोटर हलकी आणि शांत फिरते हे खरे, पण एका मायक्रोस्टेपचा जोर पूर्ण जोराच्या दहा टक्क्यांच्या आसपासच असतो. फोकसरचे घर्षण त्याहून जास्त असेल तर चार-पाच मायक्रोस्टेप्स वाया जातात आणि मग नळी एकदम उडी मारते. बारकावा मायक्रोस्टेपमधून काढण्यापेक्षा गिअरमधून किंवा बेल्टमधून काढा.

वीज वाचवायला मोटर थांबल्यावर ड्रायव्हर बंद करत असाल तर ‘स्लीप’ वापरू नका. झोपेतून उठताना ए४९८८ आपल्या मूळ स्थितीला जातो आणि रोटर सरकतो. ‘इनेबल’ पिन वापरा, आणि थांबण्याची जागा नेहमी पूर्ण स्टेपवर येईल, म्हणजे मायक्रोस्टेप्सचा आकडा १६ च्या पटीत राहील, अशी कोडमध्ये तजवीज करा. अधल्यामधल्या मायक्रोस्टेपवर करंट काढला की रोटर जवळच्या नैसर्गिक खाचेत जाऊन बसतो आणि बोर्डाला त्याचा पत्ता नसतो.

आता एक दोष जो शोधायला सगळ्यांनाच वेळ लागतो. मोटर दर काही सेकंदांनी अडखळते, अगदी ठरल्या अंतराने. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर १२ बिटांच्या मोजमापाला ७५० मिलीसेकंद घेतो आणि लायब्ररी तेवढा वेळ सगळा कोड थांबवून बसते. मोटर पूर्ण वेगात असताना हा खोळंबा आला की स्टेप्स एकदम तुटतात आणि नंतर विनावेग-वाढ परत सुरू होतात. तिथेच त्या गळतात. लायब्ररीला मोजमापाची वाट पाहू नको असे सांगा, आदेश देऊन पुढे जा आणि एक सेकंदाने उत्तर वाचा. त्याहून साधे म्हणजे मोटर चालू असताना तापमान मोजूच नका.

हीटर पट्ट्याचे दोन छुपे उपद्रव

पहिला: हीटर बंद केला तरी तापतच राहतो, कॅमेरा मध्येच यूएसबीवरून सुटतो, फोकसर रीसेट होतो. घरच्या बहुतेक कंट्रोलरमध्ये मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) हीटरची निगेटिव्ह बाजू तोडतो आणि जोडणीला आरसीए प्लग (ऑडिओ केबलला असतात तसे) असतात. त्या प्लगचे बाहेरचे धातूचे कवच म्हणजेच ही तोडलेली निगेटिव्ह बाजू. कवच दुर्बिणीच्या धातूच्या नळीला टेकले, आणि नळी कॅमेऱ्याच्या यूएसबी केबलमार्फत बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असली, की मॉसफेटला वळसा मिळतो. हीटर पूर्ण जोरात चालू होतो आणि त्याचे दोन-तीन अँपिअर यूएसबीच्या नाजूक तारेतून परततात. वीज बंद करून प्लगचे कवच आणि दुर्बिणीची नळी यांत रोध मोजा, तो अनंत दिसला पाहिजे. तात्पुरता उपाय प्लगवर हीट-श्रिंक नळी आणि सॉकेटसाठी प्लॅस्टिकची पट्टी. कायमचा उपाय पॉझिटिव्ह बाजू तोडणे: आयआरएफ४९०५ हा पी-चॅनल मॉसफेट, गेटपासून १२ व्होल्टला १० किलोओहम, आणि गेट खाली ओढायला एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर. मग कवच कायम निगेटिव्हच राहते आणि कुठेही टेकले तरी बिघडत नाही.

दुसरा: हीटरच्या झटक्यांनी फोटोत आडवे पट्टे येतात आणि मोटरच्या तारेवर गोंगाट चढतो. नॅनोच्या पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू-बंद करणाऱ्या) पिना ४९० किंवा ९८० हर्ट्झला तोडजोड करतात. काच तापायला इतक्या वेगाची काहीच गरज नाही. दोन सेकंदांचे चक्र ठेवा, ३० टक्के हवे तर ०.६ सेकंद चालू आणि १.४ सेकंद बंद. काचेला फरक कळत नाही आणि झटके सेकंदाला शेकड्यांवरून एक-दोनवर येतात. मोटर हलत असताना हीटर पूर्ण बंद ठेवला तर अजून उत्तम, दहा-वीस सेकंदांत दव पडत नाही.

मॉसफेट आयआरएफझेड४४एन असेल आणि गेटला ५ व्होल्ट देत असाल तर तो अर्धवटच उघडतो आणि हीटरऐवजी स्वतः तापतो. तिथे आयआरएलझेड४४एन हवा. गेटशी १०० ते २२० ओहम मालिकेत आणि गेटपासून निगेटिव्हला १० किलोओहम लावा, नाहीतर बोर्ड सुरू होईपर्यंत हीटर आपोआप चालू राहतो आणि नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज खचते.

रोधकांचा पट्टा करताना वॅटचा हिशेब चार्जर लावलेल्या बॅटरीच्या १३.८ व्होल्टवर करा. ३३० ओहमचा अर्ध्या वॅटचा रोधक १२ व्होल्टला ०.४४ वॅट देतो, पण १३.८ ला ०.५८, म्हणजे क्षमतेबाहेर. ४७० ओहमचे घ्या: १३.८ ला ०.४१ वॅट. असे वीस समांतर जोडले की १२ व्होल्टला सुमारे ६ वॅटचा पट्टा होतो.

कपलर, घसरण आणि खेळ

ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच आवळा आणि स्क्रूला काढता येणारे थ्रेड-लॉक लावा. सर्पिल खाचांचा लवचीक कपलर अक्ष थोडे चुकले तरी सांभाळून घेतो, पण जड फोकसरवर स्वतः पिळला जातो आणि तो पीळ म्हणजे वाढीव खेळ (दिशा बदलताना नळी न हलता वाया जाणाऱ्या स्टेप्स). मोटरचा ब्रॅकेट नीट जुळवून कडक कपलर वापरता आला तर तोच वापरावा.

क्रेफर्ड फोकसरची नळी दातांवर नसून केवळ रोलरच्या दाबावर धरलेली असते. खालचा ताण-स्क्रू पाव फेरीने आवळा आणि चाचणी परत करा. फार आवळला तर मोटर स्टेप्स गाळू लागते, म्हणून हे दोन दोष एकमेकांत बदलतात. कॅलिपर आणि मोटरची रेघ दोन्ही पाहतच ताण ठरवा.

खेळ मोजण्यासाठी फोकसर २००० स्टेप्स एका दिशेला न्या, मग उलट दिशेला दहा-दहा स्टेप्स देत नळी हलायला लागेपर्यंत मोजा. डायल गेज असेल तर हे काम नेमके होते. खेळ १२० स्टेप्स आला तर २०० ची भरपाई ठेवा: उलट दिशेला जाताना २०० ने पुढे जायचे आणि परत यायचे, म्हणजे शेवटची हालचाल कायम एकाच दिशेची. ती दिशा कॅमेऱ्याचे वजन उचलणारी असावी. वरच्या दिशेला वळलेल्या अपवर्तक दुर्बिणीत ती आत जाण्याची दिशा. आणि ही भरपाई बोर्डात ठेवा किंवा संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हीकडे नको. दोन्हीकडे चालू ठेवली की ऑटोफोकसचा आलेख डाव्या-उजव्या बाजूंना वेगळा येतो आणि दोष मोटरवर ढकलला जातो.

किती नेमके असायला हवे, तेही हिशेबात धरा. फोकसचा चालेलसा पट्टा साधारण ४.८८ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी गुणिले एफ-अंकाचा (फोकल लांबी भागिले दुर्बिणीचा व्यास) वर्ग. हिरव्या प्रकाशाला ०.५५ मायक्रोमीटर धरले तर एफ/४ ला ४३ मायक्रोमीटर, एफ/५ ला ६७, एफ/१० ला २६८. चाकाच्या एका फेरीत नळी २० मिमी सरकत असेल, तर २०४८ स्टेप्सच्या मोटरला प्रत्येक स्टेप सुमारे १० मायक्रोमीटर, हे ठीक. तीच नेमा १७ थेट जोडली तर एक पूर्ण स्टेप १०० मायक्रोमीटर, आणि एफ/५ वर फोकस कधी सापडतो, कधी नाही. मग वायरिंग कितीही सुधारले तरी उपयोग नाही, गिअरच हवा.

तापमानाची भरपाई सगळ्यात शेवटी

ॲल्युमिनियमची नळी दर मीटरला दर अंशाला सुमारे २३ मायक्रोमीटर आखडते. एक मीटरची नळी पाच अंशांनी थंड झाली की ११५ मायक्रोमीटर, म्हणजे एफ/५ च्या पट्ट्याच्या बाहेर. वरचे सगळे दोष निस्तरून दहा फेऱ्यांची चाचणी स्वच्छ पार पडेपर्यंत ही भरपाई बंदच ठेवा, नाहीतर गळणाऱ्या स्टेप्स आणि आखडणारी नळी यांतला फरक कळणार नाही. नंतर एका रात्रीत दर अंशाला ऑटोफोकसचा आकडा टिपा आणि त्यावरून प्रति अंश स्टेप्स काढा.

इथेही एक सापळा आहे. डीएस१८बी२० चा पुरवठा क्षणभर तुटला की पुढचे वाचन ८५ अंश येते, आणि तार सुटली की लायब्ररी उणे १२७ देते. भरपाई चालू असेल तर बोर्ड हे खरे मानून फोकसर शेकडो स्टेप्स ढकलतो. उणे २० ते ५० अंशांच्या बाहेरचे किंवा आधीच्या वाचनापेक्षा दोन अंशांहून जास्त उडी मारलेले वाचन टाकून द्या. सेन्सरची तार मोटरच्या तारांपासून दूर न्या, मोटरच्या प्रत्येक कॉइलच्या दोन तारा एकमेकींना पिळून घ्या आणि ४.७ किलोओहमचा पुल-अप रोधक (सेन्सरची डेटा तार पॉझिटिव्हला बांधणारा) सेन्सरच्या टोकाला न लावता बोर्डाच्या टोकाला लावा.